विश्लेषण : सूत्र एकच, रंग तीन! क्रोमियमची संयुगे रूप का बदलतात? चामड्यापासून सप्लिमेंटपर्यंत त्याचा संबंध काय?

कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील कपाटात ‘क्रोमियम क्लोराइड हेक्साहायड्रेट’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली हमखास सापडते. आत गडद हिरवे खडे असतात. चिमूटभर पाण्यात टाकले, तर द्रावणही हिरवे होते. मात्र तीच परीक्षानळी झाकून काही दिवस ठेवली, तर हिरव्याचे निळसर हिरवे आणि पुढे जांभळट होत जाते. बाहेरून काहीही मिसळलेले नसते. रासायनिक सूत्र लिहायला घेतले तर तेही बदललेले नसते : एक क्रोमियम, तीन क्लोरिन, सहा पाणी.

मग नेमके बदलते काय? या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील रसायनतज्ज्ञांना चांगलेच छळले. त्याचे उत्तर आज बारावीच्या पुस्तकात दोन ओळींत येते. पण त्या दोन ओळींवर चामड्याचा मोठा उद्योग उभा आहे आणि मेडिकलच्या दुकानातील काही गोळ्यांची कहाणीही त्यांच्याशी जोडलेली आहे.

एकाच सूत्रात तीन पदार्थ कसे?

रेल्वेच्या डब्यातील सहा आसनांचा एक कप्पा डोळ्यांसमोर आणा. मधोमध क्रोमियमचा अणू आणि त्याच्याभोवती सहा जागा : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे. या जागांवर बसणाऱ्या अणूंना किंवा रेणूंना ‘लिगँड’ म्हणतात, आणि अशा संपूर्ण रचनेला ‘कोऑर्डिनेशन संयुग’ किंवा नुसते ‘कॉम्प्लेक्स’. आता प्रवासी आहेत नऊ : सहा पाण्याचे रेणू आणि तीन क्लोराइड. आसने मात्र सहाच. म्हणजे तिघांना फलाटावर थांबावे लागणार.

सहाही आसनांवर पाणी बसले आणि तिन्ही क्लोराइड फलाटावर राहिले, तर पदार्थ जांभळा दिसतो. एका क्लोराइडने आत जागा पटकावली आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, तर निळसर हिरवा. दोन क्लोराइड आत आणि पाण्याचे दोन रेणू बाहेर असतील, तर गडद हिरवा. बाजारात मिळणाऱ्या बाटलीत असतो तो हाच शेवटचा. प्रवाशांची एकूण यादी तिन्ही वेळा सारखीच, म्हणून सूत्र सारखे. फरक आहे तो आत कोण आणि बाहेर कोण, याचा. सूत्र एक पण रचना वेगळी अशा पदार्थांना ‘समघटक’ किंवा आयसोमर म्हणतात. इथे पाण्याच्या जागेमुळे फरक पडतो, म्हणून हे हायड्रेट समघटक.

आत-बाहेर ओळखायचे कसे?

इथे टीसीचे काम सिल्व्हर नायट्रेट करते. ते फक्त फलाटावरच्या क्लोराइडला पकडते आणि सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तळाशी बसवते. आसनावर बसलेल्या क्लोराइडला ते लगेच हात लावू शकत नाही. जांभळ्या पदार्थातून तिन्ही क्लोराइड सापडतात, निळसर हिरव्यातून दोन, गडद हिरव्यातून एकच. दुसरी चाचणी विजेची. द्रावणात जितके सुटे आयन तितकी वीज अधिक वाहते. जांभळ्यात चार आयन, मधल्यात तीन, हिरव्यात दोन. तिसरी चाचणी आणखी साधी : बंद भांड्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लाशेजारी हे स्फटिक ठेवले, की फलाटावरचे पाणी निघून जाते, आसनावरचे राहते. वजन किती घटले त्यावरून बाहेर पाण्याचे किती रेणू होते ते कळते.

‘किती मोल साका मिळेल?’ हा प्रश्न बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. मात्र कागदावरचे उत्तर प्रयोगशाळेत तंतोतंत मिळवायचे, तर द्रावण थंड आणि ताजे हवे, आणि मोजमाप झटपट उरकायला हवे. कारण परीक्षानळी रेंगाळली की आतले क्लोराइड एकेक करून उठून बाहेर येतात आणि टीसीच्या तावडीत सापडतात. सकाळचे उत्तर एक आणि संध्याकाळचे दुसरे, असे होऊ शकते. क्रोमियमच्या रसायनाचा खरा स्वभाव याच तपशिलात दडलेला आहे, आणि नेमका तोच पाठांतरात निसटतो.

हे कोडे सोडवले कोणी?

फ्रान्सच्या आल्बेर रेकूरा यांनी १८८०च्या दशकात क्रोमियम क्लोराइडची हिरवी आणि जांभळी रूपे वेगळी करून दाखवली होती. पण ती वेगळी का, हे सांगणारी चौकट तेव्हा नव्हती. प्रत्येक मूलद्रव्याची ‘संयुजा’ ठरलेली असते आणि तेवढेच बंध ते करते, अशी त्या काळची समजूत होती. क्रोमियमची संयुजा तीन, मग तीन क्लोरिन जोडल्यावर पाणी किंवा अमोनिया चिकटतो कुठे? कोपनहेगनचे सोफुस यॉर्गेनसेन यांच्यासारख्या कसलेल्या प्रयोगकर्त्याने हे रेणू साखळीसारखे एकापुढे एक जोडून पाहिले.

झुरिकमध्ये काम केलेल्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वेगळाच विचार मांडला. धातूला दोन प्रकारच्या संयुजा असतात, एक विद्युतभाराची आणि दुसरी जागांची. आणि या जागा अवकाशात ठरावीक दिशांना असतात, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी, की वेर्नर यांच्या सिद्धांताला आधार देणारी बरीचशी माहिती त्यांचे विरोधक यॉर्गेनसेन यांच्याच काटेकोर प्रयोगांतून आलेली होती. क्रोमियम क्लोराइडच्या समघटकांवर वेर्नर यांनी स्वतः काम केले, आणि मधले, एक क्लोराइड आत असलेले रूप डॅनिश रसायनतज्ज्ञ नील्स बेयरम यांनी १९०६च्या सुमारास वेगळे काढले. वेर्नर यांना १९१३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

क्रोमियमच इतका संथ का?

हे सगळे वेगळे करता आले, त्याला क्रोमियमचा संथपणा कारणीभूत आहे. पाण्यात विरघळलेल्या प्रत्येक धातूच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू बसलेले असतात आणि ते सतत अदलाबदल करत असतात. सोडियम किंवा तांब्याच्या बाबतीत ही अदलाबदल सेकंदाच्या अब्जांश भागाच्या पातळीवर चालते. म्हणजे ‘आत कोण बसले आहे’ हे विचारेपर्यंत प्रवासी कितीतरी वेळा बदललेले असतात. अशा धातूंचे समघटक बाटलीत भरून ठेवणे अशक्यच.

तीन धनभार असलेल्या क्रोमियमभोवती मात्र पाण्याचा रेणू एकदा बसला, की खोलीच्या तापमानाला निम्मे रेणू बदलायला सुमारे तीन दिवस लागतात. हा फरक थोडाथोडका नाही. एक अब्जांश सेकंद आणि तीन दिवस यांच्यात सुमारे चौदा शून्यांचे अंतर आहे.

याचे कारण इलेक्ट्रॉनच्या मांडणीत आहे. या आयनात बाहेरच्या कक्षेत तीन इलेक्ट्रॉन असतात. सहा लिगँड सहा दिशांनी आले, की पाच कक्षिकांचे दोन गट पडतात. तीन कक्षिका लिगँडच्या मधल्या फटींत, तर दोन थेट लिगँडच्या समोर. फटींमधल्या तीन कक्षिकांत राहणे सोयीचे, कारण लिगँडच्या इलेक्ट्रॉनशी झटापट होत नाही. क्रोमियमचे तीन इलेक्ट्रॉन या तीन कक्षिकांत एकेक असे बसतात. अर्धी भरलेली, सर्व बाजूंनी सारखी आणि स्थिर मांडणी. एखादा लिगँड बदलायचा तर ही घडी विस्कटावी लागते आणि त्याला बरीच ऊर्जा लागते.

या तिघांत आणखी एका इलेक्ट्रॉनची भर पडली, म्हणजे क्रोमियमवर दोनच धनभार राहिले, की चित्र पार पालटते. चौथा इलेक्ट्रॉन गैरसोयीच्या जागी जाऊन बसतो, रचना ताणली जाते आणि अदलाबदल पुन्हा अब्जांश सेकंदांवर येते. कॅनडात जन्मलेले अमेरिकी रसायनतज्ज्ञ हेन्री टाउबे यांनी याच फरकाचा उपयोग करून १९५३ मध्ये एक देखणा प्रयोग केला. त्यांनी क्लोराइड घट्ट धरून बसलेला कोबाल्टचा कॉम्प्लेक्स आणि चपळ, दोन भारांचा क्रोमियम एकत्र केले. इलेक्ट्रॉन क्रोमियमकडून कोबाल्टकडे गेला आणि त्याच क्षणी क्लोराइड कोबाल्टकडून क्रोमियमकडे आला. इलेक्ट्रॉन गमावताच क्रोमियम संथ झाला, म्हणून क्लोराइड त्याच्याकडेच अडकून राहिला. इलेक्ट्रॉन या क्लोराइडच्या पुलावरून गेला, याचा तो जणू पंचनामाच होता. टाउबे यांना १९८३चे नोबेल मिळाले, ते धातूंच्या कॉम्प्लेक्समधील इलेक्ट्रॉन देवघेवीच्या अशाच कामासाठी.

हाच स्वभाव एका व्यावहारिक अडचणीतही दिसतो. पाणी अजिबात नसलेले क्रोमियम क्लोराइड हे जांभळट चमकदार पापुद्र्यांचे असते आणि पाण्यात टाकले तर विरघळता विरघळत नाही. त्यात आम्ल आणि जस्ताची किंचित भुकटी टाकली, की थोडा क्रोमियम दोन भारांचा होतो आणि सगळा पदार्थ विरघळू लागतो.

समोरासमोर की शेजारी-शेजारी?

आत कोण बसले आहे एवढ्याने काम भागत नाही. कुठे बसले आहे हेही पाहावे लागते. बाजारातील हिरव्या क्रोमियम क्लोराइडमध्ये दोन क्लोराइड आत आहेत. ते एकमेकांसमोर, म्हणजे एक वर आणि एक खाली, बसलेले आहेत. या मांडणीला ‘ट्रान्स’ म्हणतात. शेजारी-शेजारी बसले असते, तर ‘सिस’.

एमएस्सीच्या प्रयोगशाळेत याचे एक सुंदर उदाहरण करून पाहतात. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांच्यापासून क्रोमियमचे ऑक्झॅलेट संयुग बनवायचे. दोन्ही पदार्थ जवळपास कोरडेच एकत्र करून पाण्याचा एखादा थेंब टाकला, तर फसफसून सिस रूप तयार होते. तेच पुरेशा पाण्यात विरघळवून द्रावण उघडे ठेवले आणि सावकाश आटू दिले, तर ट्रान्स रूपाचे गुलाबी-जांभळट स्फटिक खाली बसतात.

खरे तर द्रावणात दोन्ही रूपे असतात आणि त्यात सिसचेच प्रमाण जास्त असते. पण ट्रान्स कमी विरघळते, म्हणून आधी तेच स्फटिक होऊन बाहेर पडते. ते बाहेर पडले की समतोल राखण्यासाठी द्रावणातले सिस हळूहळू ट्रान्समध्ये बदलते आणि तेही स्फटिकात जाऊन बसते. द्रावणातले बहुमत एकाचे आणि स्फटिकात निवडून येतो दुसराच! समघटक आणि स्फटिकरचना हे दोन विषय वेगळे शिकवले जातात, पण प्रत्यक्षात स्फटिक बनण्याची क्रियाच समघटकांमधून निवड करत असते.

तिसरा प्रकार आरशातील प्रतिमांचा. क्रोमियमभोवती तीन ऑक्झॅलेट बसले, तर प्रत्येक ऑक्झॅलेट दोन जागा अडवतो आणि रेणू तीन पात्यांच्या पंख्यासारखा दिसतो. पाती उजवीकडे वळलेली असू शकतात किंवा डावीकडे. दोन्ही रूपांत सगळे सारखे, पण डावा हात उजव्या हातमोज्यात जात नाही, तसे ते एकमेकांवर बसत नाहीत. कार्बनशिवाय अन्य अणूंभोवतीही असे डावे-उजवे रेणू असतात, हे दाखवण्यासाठी वेर्नर यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षे खर्ची घातली. १९११ मध्ये कोबाल्टचे असे रेणू वेगळे झाले आणि पाठोपाठ क्रोमियमचेही. पंख्याची पाती तुटल्याशिवाय पिळून उलटी होण्याचा एक मार्ग आज ‘रे-दत्त ट्विस्ट’ या नावाने जगभर शिकवला जातो. त्यातील रे म्हणजे कोलकात्याचे प्रियदारंजन रे. हे काम १९४३चे आहे.

या रचनांचा डोळ्यांदेखत पुरावा वेर्नर यांना पाहायला मिळाला नाही. स्फटिकातून क्ष-किरण आरपार पाठवून अणूंच्या जागा शोधण्याचे तंत्र १९१२-१३ मध्ये जन्माला आले. प्लॅटिनमच्या एका संयुगात सहा क्लोरिन अष्टफलकाच्या सहा टोकांवर असल्याचे १९२१ मध्ये त्यातून दिसले. वेर्नर १९१९ मध्येच वारले होते.

तुरटीशी नाते काय?

घरातल्या तुरटीत ॲल्युमिनियम असतो. त्याच्या जागी क्रोमियम बसवला, की मिळते ‘क्रोम तुरटी’ : गडद जांभळे, आठ बाजूंचे, हिऱ्यासारखे दिसणारे स्फटिक. दोन्हींची स्फटिकरचना इतकी सारखी, की क्रोम तुरटीचा जांभळा खडा साध्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात टांगला, तर त्याच्यावर पारदर्शक तुरटी चढत जाते आणि काचेत गोठवल्यासारखा जांभळा गाभा आत दिसतो. क्रोम तुरटीचे जांभळे द्रावण उकळले तर हिरवे होते, कारण सल्फेट आत शिरून पाण्याची जागा घेतो. थंड केल्यावर ते पुन्हा जांभळे होते, पण लगेच नाही. बराच काळ जावा लागतो. पुन्हा तोच संथपणा.

चामड्याच्या धंद्यात हे कुठे येते?

जगातील बहुतांश चामडे आज क्रोमियमने कमावले जाते. कच्च्या कातडीतील कोलॅजन हे प्रथिन ओले राहिले तर सडते आणि साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास आकसते. क्रोमियमने कमावलेले चामडे शंभर अंशांच्या पुढेही टिकते. कारण कोलॅजनच्या धाग्यांवरील आम्ल गट क्रोमियमच्या सहा जागांपैकी काही जागा घेतात आणि शेजारच्या धाग्यांमध्ये क्रोमियमचे टाके पडतात. कातडी कमावणे म्हणजे रसायनाच्या भाषेत लिगँडची अदलाबदल.

कारागिराचे सगळे कसब त्या संथपणाला वेसण घालण्यात आहे. क्रोमियम पृष्ठभागावरच चिकटला, तर कातडी बाहेरून कडक आणि आतून कच्ची राहते. म्हणून आधी कातडी आम्लात ठेवतात. त्या स्थितीत कोलॅजनचे गट क्रोमियमला धरत नाहीत आणि तो आतपर्यंत झिरपतो. मग सोडा टाकून आम्लता हळूहळू कमी करतात. आता बंध जुळतात. ढोलातून बाहेर येणारे निळसर ओले चामडे धंद्यात ‘वेट ब्लू’ म्हणून विकले जाते. तो निळा रंग क्रोमियमचाच.

अडचण अशी, की पारंपरिक पद्धतीत टाकलेल्या क्रोमियमपैकी साधारण साठ ते सत्तर टक्केच चामड्यात शिरतो. उरलेला सांडपाण्यात जातो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने पाणी कमी लागेल आणि क्रोमियम वाया जाणार नाही अशा पद्धतींवर काम केले आहे. लिगँड किती वेगाने जागा सोडतो, हा प्रश्न इथे थेट नदीच्या पाण्याशी जोडलेला आहे.

कोल्हापुरी चप्पल या गोष्टीत अपवाद आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावले जाते. त्यात क्रोमियमच्या टाक्यांचे काम वनस्पतींतील टॅनिन करते.

मग क्रोमियम विषारी म्हणतात, तो कोणता?

आतापर्यंतची बहुतेक चर्चा तीन भारांच्या क्रोमियमची होती. कर्करोगाशी जोडला जातो तो सहा भारांचा, क्रोमेट आणि डायक्रोमेटमधला. त्याची घडण वेगळी आहे. चार ऑक्सिजनमध्ये बसलेला क्रोमेट सल्फेटसारखा दिसतो आणि पेशींच्या सल्फेट आत घेणाऱ्या दारातून सहज आत शिरतो. तीन भारांच्या कॉम्प्लेक्सना ते दार सहसा उघडत नाही. ‘क्रोमियम आढळला’ एवढीच बातमी म्हणूनच अपुरी ठरते. नीट प्रक्रिया न झालेल्या चामड्यातही काही परिस्थितींत तीनाचा सहा होऊ शकतो. यासाठी युरोपीय महासंघाने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात सहा भारांच्या क्रोमियमची मर्यादा किलोमागे तीन मिलिग्रॅम ठेवली. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे.

सप्लिमेंटमधील क्रोमियमचे काय?

साखर आणि वजन आटोक्यात ठेवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत ‘क्रोमियम पिकोलिनेट’ असते. हेही तीन पात्यांचे कोऑर्डिनेशन संयुग. प्रत्येक पिकोलिनेट एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन पुढे करतो, त्यामुळे तिन्ही नायट्रोजन एकाच बाजूला किंवा पट्ट्यासारखे एका रेषेत, अशी दोन रूपे शक्य होतात. शिवाय प्रत्येकाची डावी-उजवी प्रतिमा. गोळीच्या वेष्टनावर मात्र असते ती फक्त मायक्रोग्रॅमची संख्या.

दाव्यांचे काय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये क्रोमियम पिकोलिनेट आणि टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होणे यांतील संबंध अत्यंत अनिश्चित असल्याचे म्हटले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तर २०१४ मध्ये निरोगी व्यक्तींसाठी क्रोमियमचे रोजचे प्रमाण ठरवण्यासच नकार दिला, कारण त्याचा लाभ होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. मधुमेहाची औषधे सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता या गोळ्या घेऊ नयेत, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको.